मदरबोर्डच्या पुस्तिकेत गटांचा तक्ता छापला गेला पाहिजे

प्रति,
माननीय संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

विषय : घरच्या सर्व्हरमधील कार्ड व्हर्च्युअल मशीनला सोपवताना येणाऱ्या अडचणी आणि मदरबोर्ड उत्पादकांनी ग्राहकाला न दिलेली माहिती.

महोदय,

घरातली छायाचित्रे, कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रणे परक्या कंपनीच्या क्लाउडवर न ठेवता घरच्याच सर्व्हरवर ठेवावीत, असे सुचवणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. त्यातली भूमिका मला मनापासून पटली, कारण गेले वर्षभर मी स्वतः हेच करीत आहे. मात्र ‘संगणकावर प्रॉक्समॉक्स टाकावे, हार्डडिस्कचे कार्ड व्हर्च्युअल मशीनला पासथ्रू करावे आणि त्यात ट्रूनॅस चालवावे’ एवढ्या एका वाक्यात लेखकाने जे सांगितले आहे, ते पार पाडायला मला पाच आठवडे लागले. (प्रॉक्समॉक्स म्हणजे एका संगणकात अनेक आभासी संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, चालवणारी प्रणाली; ट्रूनॅस म्हणजे डिस्क सांभाळून त्यांवर फाइली साठवणारी प्रणाली.) त्यातले तीन आठवडे जिच्यामुळे गेले ती अडचण माझ्या अज्ञानातून आलेली नव्हती. बोर्ड विकत घेताना जी माहिती मला मिळायला हवी होती ती कुठेच छापलेली नव्हती, म्हणून ती आली. बोर्डावरचे कोणते भाग एकमेकांपासून सुटे काढून व्हर्च्युअल मशीनला देता येतात आणि कोणते एकाच गटात अडकलेले असतात, ही ती माहिती, आणि तिच्याविषयीच हे पत्र आहे.

मी दूरसंचार खात्यात एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करून निवृत्त झालो. माझे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनांच्या शंभराहून अधिक कॅसेट घरात आहेत आणि त्यांतल्या काहींच्या फितीवरचा थर आता सुटू लागला आहे. एकदा वाजवून संगणकात उतरवून घेतलेली फीत दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नाही. म्हणून उतरवलेली प्रत अशा जागी ठेवायची होती, जिथे डिस्कवरचा एखादा अंश नकळत बदलला तरी तो लक्षात येईल आणि दुरुस्त होईल. जेडएफएस ही फाइल प्रणाली नेमके हेच करते. ती माहितीच्या प्रत्येक तुकड्याची पडताळणी संख्या वेगळी जपून ठेवते, वाचताना ती ताडून पाहते आणि जुळले नाही तर दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीवरून तो तुकडा नीट करते. पण त्यासाठी तिला डिस्क थेट हाती लागाव्या लागतात. मध्ये दुसऱ्या प्रणालीचा पडदा असला, तर डिस्क खराब होत असल्याच्या खुणा तिच्यापर्यंत पोहोचतीलच असे नाही. म्हणून ट्रूनॅस व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायचे असेल, तर डिस्क ज्या कार्डाला जोडल्या आहेत ते अख्खे कार्डच त्या मशीनच्या हवाली करावे, असा जाणकारांचा सल्ला असतो. मी सर्व्हरमधून काढलेले एक जुने एलएसआय ९२११-८आय कार्ड घेतले. त्यात सास२००८ ही चिप असते, आणि आयटी प्रकारचे फर्मवेअर (कार्डाच्या आतली आज्ञावली) भरले की हे कार्ड स्वतःची रेड मांडणी (अनेक डिस्कची एकत्र जुळणी) न करता डिस्क आहेत तशा पुढे करते.

वाचकांपैकी अनेकांना ‘पासथ्रू’ म्हणजे काय हे ठाऊक नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. संगणकातले कार्ड प्रत्येक वेळी प्रोसेसरला मध्ये न घेता स्मृतीत स्वतःच लिहिते आणि तिथून वाचते. एका संगणकावर एकच प्रणाली चालत असते तोवर यात काही अडत नाही. पण व्हर्च्युअल मशीनला स्वतःची स्मृती शून्यापासून मोजायची सवय असते, आणि ती मोजणी खऱ्या स्मृतीच्या मोजणीशी जुळत नाही. एका वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या खोल्यांना एकपासून क्रमांक दिले आहेत, अशी कल्पना करावी. एखाद्या बिऱ्हाडाने हमालाला ‘दोन नंबरच्या खोलीत सामान ठेव’ असे सांगितले, तर वाड्याच्या मूळ मोजणीत ती खोली कोणती हे जाणणारा कोणीतरी दारात उभा हवा. नाहीतर सामान भलत्याच घरात जाऊन पडेल. संगणकात दारातल्या त्या माणसाचे काम आयओएमएमयू नावाचा भाग करतो. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते आणि एएमडी एएमडी-व्हीआय म्हणते.

हा भाग जे यंत्रभाग एकमेकांपासून खात्रीने वेगळे ठेवू शकतो, त्यांचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वेगवेगळे गट मानते, आणि ज्यांच्याविषयी अशी खात्री देता येत नाही त्यांना ते एकाच गटात टाकते. दोन खोल्यांना रस्त्यावरून वेगळी दारे असली, तरी मधले दार उघडेच असेल तर त्या खोल्या दोन निरनिराळ्या बिऱ्हाडांना देता येत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. गट हा अविभाज्य असतो. त्यातले एक कार्ड व्हर्च्युअल मशीनला द्यायचे, तर गटातले बाकीचे सगळे होस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, वापरातून काढून घ्यावे लागते. मी विकत घेतलेल्या मदरबोर्डचे गट कसे पडतात, हे ना खोक्यावर होते, ना पुस्तिकेत, ना विक्रेत्याला ठाऊक होते.

आता प्रत्यक्ष काय घडले ते सांगतो. माझ्याकडे रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर आणि बी४५० चिपसेटचा बोर्ड आहे. (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे बरेचसे भाग प्रोसेसरला जोडून देणारी चिप.) या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसल्यामुळे पहिल्या लांब स्लॉटमध्ये एक साधे ग्राफिक्स कार्ड लावले होते आणि डिस्कचे कार्ड साहजिकच दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये बसवले. संगणक चालू केला, तर सर्व्हर नेटवर्कवर दिसेना. टेलिफोनच्या लाइनवर फॉल्ट शोधताना आम्ही लाइन मध्यावर तोडून दोन्हीकडे तपासत असू आणि जी बाजू नीट लागेल ती सोडून देत असू. त्याच सवयीने आधी केबल, मग राउटर तपासला आणि शेवटी सर्व्हरलाच पडदा व कीबोर्ड जोडून पाहिले. नेटवर्क कार्डाचे नाव ईएनपी३एस० होते, ते ईएनपी४एस० झाले होते. या नावात मधला आकडा बस क्रमांकाचा असतो. नवे कार्ड घातले की पुढच्यांचे क्रमांक सरकू शकतात आणि जुन्या नावावर बांधलेला नेटवर्कचा पूल (ब्रिज) अधांतरी राहतो. नाव मॅक पत्त्याशी (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाशी) कायमचे बांधून टाकले आणि हा प्रश्न मिटला. यात एक संध्याकाळ गेली, पण ती चूक कळण्याजोगी होती, तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

पुढची पायरी बायोसची, म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या बोर्डाच्या आज्ञावलीची. मी एसव्हीएम मोड चालू केला होता आणि व्हर्च्युअल मशीन व्यवस्थित चालत होते, म्हणून सगळे झाले असे समजत होतो. पण कार्ड जोडायला गेलो तेव्हा आयओएमएमयू सापडत नाही असा संदेश आला. व्हर्च्युअल मशीन चालवण्याची क्षमता आणि त्याला कार्ड सोपवण्याची क्षमता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि बायोसमध्ये त्यांची बटणेही निरनिराळी असतात. माझ्या बोर्डात दुसरे बटण पार वेगळ्या पानावर होते आणि ते ‘ऑटो’वर ठेवलेले होते. ते स्पष्टपणे ‘एनेबल्ड’ केल्यावर संदेश गेला. इंटेलच्या प्रोसेसरवर जुने कर्नल वापरणाऱ्यांना याखेरीज कर्नललाही तशी सूचना द्यावी लागते.

मग मी कार्ड मशीनला जोडले आणि ‘स्टार्ट’ दाबले. त्याच क्षणी समोरचे पान गोठले. दुसऱ्या खिडकीत पिंग (सर्व्हर नेटवर्कवर उत्तर देतो का हे पाहणारी आज्ञा) चालू होते, तेही थांबले. धावत जाऊन सर्व्हरच्या पडद्यापुढे बसलो, तर कीबोर्डही मेलेला होता. कॅप्स लॉक दाबला तरी दिवा लागेना. पडद्यावरच्या ओळी मात्र सरकत होत्या, म्हणजे यंत्र जिवंत होते. कीबोर्ड काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला आणि तो चालू झाला. तेव्हा कुठे उलगडा होऊ लागला. पहिली खाच चिपसेटमधून येत होती आणि दुसरी थेट प्रोसेसरमधून. जे जे चिपसेटच्या मागे होते ते सगळे एकदम गेले होते.

गटांची यादी काढून पाहिली तेव्हा डिस्कचे कार्ड, बोर्डवरचे नेटवर्क, बोर्डवरचे डिस्क जोडण्याचे साटा पोर्ट आणि यूएसबीचा एक नियंत्रक हे सगळे एकाच गटात निघाले. प्रॉक्समॉक्स मशीन सुरू करताना केवळ नेमलेले कार्ड नव्हे, तर त्याच्या गटातले सगळे भाग होस्टकडून काढून, ते व्हर्च्युअल मशीनसाठी राखून ठेवणाऱ्या व्हीएफआयओ या ड्रायव्हरच्या ताब्यात देते. त्यामुळे मी एक कार्ड सोपवायला गेलो आणि त्याबरोबर होस्टचे नेटवर्कही गेले. होस्टची प्रणाली ज्या एनव्हीएमई डिस्कवर आहे ती प्रोसेसरला थेट जोडलेली होती, म्हणून होस्ट तग धरून राहिला. साटावर असती तर तीही हातची गेली असती. जे वाचक हा प्रयोग करतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, कार्ड नीट चालते आहे याची खात्री होईपर्यंत ‘बूट होताना मशीन आपोआप सुरू करा’ हा पर्याय बंद ठेवावा. तो चालू असेल तर दर वेळी संगणक सुरू झाला की काही क्षणांत नेटवर्क पुन्हा जाते.

यावर उपाय म्हणून शोधता शोधता सगळ्यात आधी जो सापडतो, त्याविषयी मला गंभीरपणे बोलायचे आहे. कर्नलला ‘एसीएस ओव्हरराइड’ नावाची एक सूचना देता येते आणि प्रॉक्समॉक्सच्या कर्नलमध्ये तिची सोय आहे. ती दिली की गट सुटे दिसू लागतात. दिसू लागतात, होत नाहीत. एसीएस ही पीसीआय एक्स्प्रेसमधली, म्हणजे कार्डे ज्या मार्गाने जोडली जातात त्यातली, अशी सोय आहे की, एकाच जोडचिपच्या मागचे दोन भाग परस्पर बोलू पाहतील तर त्यांची वाहतूक वर पाठवून तपासून घेता येते. ज्या चिपमध्ये ही सोय नाही किंवा असल्याचे ती सांगत नाही, तिच्याविषयी कर्नल सावधपणे ‘खात्री नाही’ असे मानते. ओव्हरराइड म्हणजे मधल्या दाराला कडी न लावता त्यावर ‘दार बंद आहे’ अशी पाटी टांगणे. घरातली सगळी मशीन आपलीच असतील आणि धोका समजून कोणी ही सूचना देणार असेल, तर तो त्याचा निर्णय आहे. पण ही सूचना धोक्याचा उल्लेखही न करता ‘हे टाका म्हणजे झाले’ अशा थाटात सांगितली जाते, हे मला मान्य नाही. जिच्यावर वडिलांचा आवाज ठेवायचा त्या डिस्कच्या मार्गात मला खोटी पाटी नको होती.

खरा उपाय स्क्रू ड्रायव्हरचा निघाला. पहिला लांब स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असल्यामुळे त्याचा गट स्वतंत्र होता. ग्राफिक्स कार्ड काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकले आणि डिस्कचे कार्ड पहिल्यात. बोर्डाने दुसऱ्या स्लॉटमधल्या ग्राफिक्सवर पडदा दाखवला, हे माझे नशीब. प्रत्येक बोर्ड तसे करीलच असे नाही. अदलाबदलीनंतर कार्डांचे पत्ते (बस क्रमांक) पुन्हा सरकले होते, आणि मशीनच्या नोंदीत डिस्कच्या कार्डाचा जो जुना पत्ता होता त्या पत्त्यावर आता ग्राफिक्स कार्ड बसले होते. हे लक्षात न घेता ‘स्टार्ट’ दाबले असते तर होस्टच्या हातून वेगळेच काही निघून गेले असते. जून २०२३ मध्ये आलेल्या प्रॉक्समॉक्सच्या आठव्या आवृत्तीपासून कार्डांना नाव देऊन ते नाव मशीनला जोडण्याची सोय आहे. तिच्यात कार्डाची ओळखही ताडून पाहिली जाते, म्हणून नुसत्या पत्त्यापेक्षा ती वापरणे शहाणपणाचे आहे.

एवढ्यावर काम संपले नाही, पण यापुढच्या अडचणी मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांची उत्तरे शोधणाऱ्याला सापडतात. होस्ट सुरू होताना त्याचा एमपीटी३सास हा ड्रायव्हर कार्ड आधीच धरून बसत होता. ही गोष्ट डिस्कच्या बाबतीत विशेष धोक्याची आहे. होस्टला स्वतःलाही जेडएफएस येते, आणि एकच पूल (जेडएफएसने एकत्र बांधलेला डिस्कसंच) होस्टने व व्हर्च्युअल मशीनने एकाच वेळी उघडला तर तो कायमचा बिघडू शकतो. म्हणून कार्डाचा ओळख क्रमांक व्हीएफआयओला आधीच सांगून ठेवावा लागतो, मूळ ड्रायव्हरने त्याच्या आधी यायचे नाही असा क्रम लिहावा लागतो आणि त्यानंतर इनिट्रॅमएफएस (संगणक सुरू होताना आधी चढणारी छोटी प्रणाली) नव्याने तयार करावी लागते. ही शेवटची आज्ञा द्यायची राहिली की आधीचे सगळे लिहिणे वाया जाते. एलएसपीसीआय या, जोडलेली कार्डे दाखवणाऱ्या, आज्ञेच्या यादीत ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या शब्दांपुढे व्हीएफआयओ-पीसीआय असे दिसल्याखेरीज मी डिस्कची केबल लावली नाही.

त्यानंतर व्हर्च्युअल मशीन कार्डाच्या स्वतःच्या बूट संदेशापाशी अडकून बसू लागले. या कार्डावर एक छोटा रॉम असतो. तो डिस्कवरून बूट करण्यासाठी असतो, आणि आपल्याला त्याची गरज नसते. मशीनच्या मांडणीत रॉम-बार शून्य केल्यावर ते सरळ पुढे गेले. मशीनला जी स्मृती नेमून दिली, ती सगळीच्या सगळी पहिल्या क्षणापासून अडकून राहते, हेही तेव्हाच कळले. कार्ड स्मृतीत कुठेही लिहू शकते म्हणून होस्टला त्यातला कोणताही भाग परत घेता येत नाही, आणि ‘गरजेप्रमाणे कमीजास्त’ हा पर्याय इथे चालत नाही. आणि उष्णता. ही कार्डे सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यात राहण्यासाठी बनवलेली असतात आणि त्यांच्यावर पंखा नसतो. अर्ध्या तासाने हीटसिंकला बोट लावले ते चटकन मागे घ्यावे लागले. तिथे चार सेंटिमीटरचा एक पंखा बांधला.

महोदय, या सगळ्यांत फरक असा की ड्रायव्हर, रॉम, स्मृती, उष्णता या अडचणी मशीन हाती आल्यावर सोडवता येतात. गटाची अडचण मात्र बोर्ड विकत घेतला त्याच दिवशी पक्की झालेली असते. माझ्या बोर्डात पहिला स्लॉट सुटा निघाला म्हणून निभावले. ज्यांना दोन कार्डे दोन मशीनना द्यायची आहेत, त्यांना तो बोर्ड निरुपयोगी आहे, आणि हे पैसे देऊन, खोके फोडून, सगळे जोडून झाल्यावरच कळते. तोवर बोर्ड परत घेण्याची मुदत बहुधा संपलेली असते.

हे काही काल निघालेले तंत्रज्ञान नाही. लिनक्समध्ये केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा कर्नलचा भाग) २००७ मध्ये २.६.२० या कर्नलबरोबर आले आणि व्हीएफआयओ २०१२ मध्ये ३.६ बरोबर. प्रोसेसरच्या बाबतीत उत्पादक ही माहिती देतात. इंटेलच्या प्रत्येक प्रोसेसरच्या तपशिलात व्हीटी-डी आहे की नाही हे लिहिलेले असते. म्हणूनच आय७-२६००के आणि आय७-३७७०के या महागड्या, गती (क्लॉक) वाढवता येणाऱ्या प्रोसेसरांत ती सोय नाही, पण ‘के’ नसलेल्या त्यांच्या भावंडांत आहे, हे ग्राहकाला दुकानात जाण्यापूर्वी पाहता येत होते. एकदा स्पष्ट लिहिलेले असले की ग्राहक आपला निर्णय आपण घेतो. ग्राफिक्स कार्डांचेही तेच. एनव्हिडियाचा घरगुती कार्डांचा ड्रायव्हर विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये अनेक वर्षे ‘त्रुटी ४३’ दाखवून बंद पडत असे. २०२१ मध्ये ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून कंपनीने ही सोय अधिकृतपणे खुली केली आणि तसे जाहीर केले, तेव्हापासून लोकांचे आडमार्गाचे उपाय बहुतांशी थांबले.

मदरबोर्डचे उत्पादक कोणती सबब सांगतील याचा मी विचार केला आहे. पहिली सबब अशी की, बायोसची आवृत्ती बदलली की गट बदलू शकतात. हे खरे आहे. मे २०१७ मध्ये रायझनसाठी आलेल्या अजेसा १.०.०.६ या, बायोसचा भाग असणाऱ्या, फर्मवेअरमध्ये एसीएसची सोय जोडली गेली आणि तसे एएमडीने स्वतःच सांगितले होते. पण याचा अर्थ एवढाच की तक्त्याच्या डोक्यावर बायोसची आवृत्ती छापावी, तक्ता टाळू नये. दुसरी सबब अशी की, हे फार थोड्या ग्राहकांना लागते. त्यांनी आपलीच पुस्तिका उघडून पाहावी. दुसऱ्या एम.२ खाचेत डिस्क लावली तर अमुक क्रमांकाचे साटा पोर्ट बंद पडतील, अशी तळटीप कित्येक पुस्तिकांत असते. तीही सगळ्यांना लागत नाही, पण ज्याला लागते त्याला ती आधी मिळते. गटांचा तक्ता याहून मोठा होणार नाही. कोणता स्लॉट प्रोसेसरला थेट आहे, कोणता चिपसेटमधून येतो, आणि कारखान्यातून निघताना कोणाबरोबर कोण एका गटात आहे, एवढे अर्ध्या पानात मावते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाच्या हक्कांची व्याख्या करताना वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क सांगितला आहे. गटांचा तक्ता न छापल्याने कायदा मोडला, असा माझा दावा नाही. परंतु खोक्यावर व्हर्च्युअलायझेशनला उपयुक्त म्हणून बोर्डाची जाहिरात करायची आणि त्या उपयोगाची मर्यादा मात्र सांगायची नाही, ही पद्धत त्या हक्काच्या भावनेला धरून नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते. ग्राहक चळवळीत काम करणाऱ्यांनी हा मुद्दा उचलावा. मराठी तंत्रविषयक स्तंभ लिहिणाऱ्यांनाही माझी विनंती आहे की, बोर्डाचे परीक्षण लिहिताना रंगीत दिव्यांची वर्णने थोडी कमी झाली तरी चालतील, पण गटांची यादी द्यावी. वीज गेली की राउटर बंद पडतो त्या गावात बसून घरचा सर्व्हर उभारणाऱ्या माणसाला इंग्रजीतली शंभर पाने चाळायला लावण्यापेक्षा, मराठीतल्या दहा ओळींनी त्याचे पैसे वाचतील.

हे किती अवघड आहे, ते एका प्रसंगातून मला कळले. गेल्या महिन्यात भाच्यासाठी बोर्ड घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एका दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाला मी विचारले की, या बोर्डाचे आयओएमएमयू गट कसे आहेत. त्याला ठाऊक नव्हते. पण दुकानात तोच बोर्ड नमुन्यासाठी प्रोसेसरसह टेबलावर मांडलेला होता आणि माझ्या खिशात लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह होता. “काका, असं कुणी विचारत नाही, पण बघू या,” असे म्हणून त्याने तो लावला. बायोसमध्ये जाऊन आयओएमएमयू चालू केले, संगणक पुन्हा सुरू केला आणि गटांची यादी पडद्यावर आणली. दोन्ही लांब स्लॉट वेगळ्या गटांत होते आणि नेटवर्क तिसऱ्या. त्याने ती यादी बायोसच्या आवृत्तीसह एका कोऱ्या बिलाच्या पाठीवर उतरवली आणि त्या मॉडेलच्या खोक्यांपाशी चिकटपट्टीने लावून ठेवली. सगळ्याला मिळून दहा मिनिटे लागली.

आपला नम्र,
एक वाचक
नाशिक